नाडी न लागणारा हात

बरेच दिवस इकडे फिरकले नव्हते. काही ब्लॉगर मित्रमैत्रिणींनी "जिवंत आहेस ना?" असं विचारलं, तर म्हटलं आता लिहायलाच हवं. शिवाय हे लिखाण आमच्या घरच्या मंडळींसाठीही आहे. काका, काकू, चुलतभावंडं, सगळे इथे येऊन गुपचूप वाचून जातात हे मला माहीत आहे. आज मात्र वाचून गुपचूप जाऊ नका, एवढीच विनंती.

झालं असं की मे महिन्यात आम्ही आंबवड्याला गेलो होतो. ज्यांना आंबवडे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: भोर तालुक्यातलं आमचं मूळ गाव. नागेश्वराचं जुनं देऊळ, दाट झाडी, आणि ओढ्यावरचा झुलता पूल. १९३०च्या दशकात भोर संस्थानाने बांधलेला हा पूल बघायला आता शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात, फोटो काढतात आणि परत जातात. आमच्या लहानपणी त्या पुलावर उड्या मारून तो हलवायचा आणि मागून येणाऱ्या बहिणीला रडवायचं, एवढाच त्याचा उपयोग होता.

तर पावसाळ्याच्या आधी घराचा माळा आवरायला काढला. भाताच्या कणग्या, मोडका पाळणा, आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत आप्पांचे (म्हणजे माझ्या आजोबांचे) सातबाऱ्याचे उतारे होते आणि त्यांच्याखाली, मेणकापडात गुंडाळलेली, ताईआत्याची दवाखान्याची फाईल.

ताईआत्या १९९८ साली गेली. ४१ वर्षांची होती. मी तेव्हा शाळेत होते. तिची मला आठवणारी गोष्ट म्हणजे ती आम्हा पोरांना डावा मनगट पुढे करून म्हणायची, "शोध बघू माझी नाडी." आम्ही बोटं दाबून दाबून शोधायचो. लागायची नाही. मग ती हसायची आणि म्हणायची, "बघा, मी भूत आहे!" आम्ही किंचाळत पळायचो.

आमच्या घरात ताईआत्याबद्दल दोन पक्ष आहेत, हे घरच्यांना सांगायला नको. दादाकाकांचा पक्ष म्हणतो, आप्पांनी ऑपरेशन नाकारलं म्हणून ताई गेली. माझ्या बाबांचा पक्ष म्हणतो, आप्पांनी ऑपरेशन नाकारलं म्हणून ताई बावीस वर्षं जगली. प्रत्येक लग्नात, प्रत्येक श्राद्धाला, जेवणं झाली की हा विषय निघतो आणि मग कोणीतरी पानाचा डबा आपटून उठतं. एवढ्या वर्षांत ती फाईल मात्र कोणीच उघडली नव्हती. मी उघडली.

पण फाईलमध्ये काय होतं ते सांगायच्या आधी या आजाराची कुळकथा सांगायला हवी, नाहीतर फाईल कळणार नाही. मी डॉक्टर नाही. पण गेले चार महिने मिळेल ते वाचते आहे आणि डॉक्टर असलेल्या एका मैत्रिणीचं डोकं खाते आहे.

१९०८ साली जपानमध्ये मिकितो ताकायासू नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका सभेत २१ वर्षांच्या एका मुलीची हकीकत सांगितली. तिच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांनी एकमेकींना जोडून घेऊन वेणीसारखं कडं केलं होतं. सभेत बसलेल्या ओनिशी आणि कागोशिमा या दोन डॉक्टरांनी सांगितलं की असेच डोळे आम्हीही पाहिलेत, आणि आमच्या रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. डोळा आणि मनगट यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे तिथे पहिल्यांदा नजरेत आलं. तसे या आजाराचे सुटे उल्लेख त्याच्याही आधीचे आहेत. जपानमध्ये यामामोतो यांनी १८३०च्या सुमारास आणि लंडनमध्ये सेव्हरी यांनी १८५६ साली असे रुग्ण नोंदवले होते. सेव्हरींची रुग्णही तरुण मुलगीच. दोन्ही हातांच्या आणि मानेच्या डाव्या बाजूच्या मोठ्या रोहिण्या पार बंद झालेल्या. पुढे १९४८ साली शिमिझू आणि सानो यांनी या आजाराला नावच दिलं: नाडी नसलेला आजार.

होतं काय, तर हृदयातून निघणारी महारोहिणी आणि तिच्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतीला सूज येते. जंतूमुळे नव्हे, तर शरीराची संरक्षण यंत्रणाच आपल्या भिंतीवर चालून जाते. सूज बाहेरच्या थरातून आत सरकते, भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होते. कधी उलटंही होतं, भिंत कमजोर होऊन फुगते. सुरुवातीला नुसता बारीक ताप, वजन घटणं, अंग मोडून येणं. हे बहुधा विशीतल्या मुलींना होतं आणि विशीतल्या मुलीचं अंग मोडून आलं तर आपल्याकडे कोण लक्ष देतं? मग सूज ओसरते, मागे व्रण राहतो, आणि वाट कायमची बंद.

मग हात वाळून का जात नाही? याचं उत्तर मला आंबवड्यातच मिळालं. ओढ्याला एका रात्रीत बांध घातला तर खालचं खाचर कोरडं पडतं. पण गाळ साचत साचत ओढा वर्षभरात बुजला, तर पाणी शेजारच्या खाचरांतून, बांधाच्या फटींतून वाट काढत खाली पोचतंच. रक्ताचंही तसंच. मोठी वाट हळूहळू बंद होते तेव्हा बारीक वाटा रुंद होतात. हात जगतो, पण काम पडलं की रक्त पुरत नाही. ताईआत्याला केस विंचरताना हात भरून यायचा. कळशी डाव्या काखेला घेतली की दर पन्नास पावलांवर ती खाली ठेवायला लागायची. आजी म्हणायची, आळशी आहे.

आता मुंबईकडे येऊ. कारण या आजाराच्या इतिहासात परळच्या केईएम रुग्णालयाचं एक मोठं प्रकरण आहे आणि ते आपल्या लोकांना फारसं ठाऊक नाही. केईएमचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन म्हटलं की लोकांना १९६८ सालचं भारतातलं पहिलं हृदयरोपण आठवतं. पण त्याच्या आधीपासून ते आणि त्यांचे सहकारी या रोहिणीच्या सुजेमागे लागले होते. जपानमध्ये हा आजार मुख्यतः छातीतल्या कमानीला आणि तिच्यातून हातांकडे, मानेकडे जाणाऱ्या फांद्यांना धरायचा. आपल्याकडे तो पोटातल्या महारोहिणीला आणि मूत्रपिंडाच्या रोहिण्यांनाही फार धरतो, असं दिसत होतं. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की त्याला वाटतं सगळ्या शरीराचाच दाब उतरलाय. मग ते दाब वाढवणारी रसायनं सोडत राहतं. म्हणजे विशीतल्या पोरीला साठीतल्या माणसाचं ब्लडप्रेशर. १९६३ साली या मंडळींनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये महारोहिणीच्या मधल्या भागाच्या आजारावर लेख लिहिला. १९७३ साली सेन, किनरे, केळकर आणि परुळकर या चौघांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेलं एक अख्खं पुस्तक काढलं. त्यातलं नाव होतं 'नॉनस्पेसिफिक एऑर्टोआर्टरायटिस', म्हणजे कारण न सापडलेली रोहिणीची सूज. कित्येक वर्षं आपल्याकडचे डॉक्टर याच नावाने हा आजार ओळखत.

यातले डॉ. किनरे विकृतिशास्त्रातले. त्यांनी १९७० साली एका निबंधात या आजाराचा क्षयाशी संबंध असावा असं मांडलं, कारण अशा रुग्णांमध्ये क्षयाच्या खुणा वारंवार दिसत होत्या. हा संबंध कार्यकारण म्हणून आजवर सिद्ध झालेला नाही. पण त्या काळी त्यामुळे पुष्कळ रुग्णांना क्षयाची औषधंही दिली जात. ताईआत्याच्या फाईलमध्येही स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांचा कागद आहे. दादाकाका इतकी वर्षं म्हणत आले की "डॉक्टरांना आजारच कळला नव्हता, टीबीचं औषध देत होते." काका, कळला होता. तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे ते बरोबरच वागत होते.

आता मुख्य मुद्दा. शस्त्रक्रिया की औषध?

१९५०पासून दोन्ही बाजूंना नवी हत्यारं आली होती. सर्जनकडे कृत्रिम धाग्याच्या नळ्या आल्या. बंद वाटेला वळसा घालून नवी वाट काढायची. मूत्रपिंड पार आकसलं असेल तर ते काढूनच टाकायचं, दाब उतरतो. आणि फिजिशियनकडे कॉर्टिझोन आलं. १९४८ साली अमेरिकेत हेंच यांनी ते पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिलं आणि १९५० साली त्याला नोबेलही मिळालं. सुजेवर त्याच्यासारखं औषध नव्हतं. पण चेहरा चंद्रासारखा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि गोळी कमी करायला गेलं की पुष्कळांची सूज परत डोकं वर काढते.

सर्जनांचं म्हणणं असं की औषध सूज उतरवेल, पण व्रणाने बंद झालेली वाट कोणती गोळी उघडणार? फिजिशियनचं म्हणणं असं की सुजलेल्या भिंतीत टाका घातला तर तो धरणार कसा? ओल्या भिंतीत खिळा ठोकल्यासारखं. जोड सुटतो, फुगतो, नाहीतर नवी वाट पुन्हा बंद होते. दोघंही खरं बोलत होते, हीच तर अडचण.

आंबवड्यात वाढलेल्या माणसाला ही अडचण नवी नाही म्हणा. नागेश्वराच्या देवळापाशी शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. राजाराम महाराजांचे सचिव. १७०७ साली औरंगजेब मेला आणि शाहूराजे सुटून आले. शंकराजींनी ताराबाईंशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलेली. आता समोर शाहू, थोरल्या महाराजांचा नातू. शपथ मोडावी तर पाप आणि शाहूंवर शस्त्र धरावं तरी पाप. शंकराजींनी इथे आंबवड्यात स्वतःचा शेवट करून घेतला. गावात तो जलसमाधी म्हणून सांगतात. आणि याच गावात कान्होजी जेध्यांचीही समाधी आहे. १६५९ साली अफजलखान आला तेव्हा आदिलशहाचं फर्मान कान्होजींनाही आलं होतं. ते पाचही मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. लहानपणी आप्पा आम्हाला दोन्ही समाध्यांना नमस्कार करायला लावायचे. एकाला निवड करता आली आणि एकाला आली नाही, पण नमस्कार दोघांना.

आता फाईल.

पहिला कागद १९७६चा. वय १९. डाव्या मनगटाला नाडी नाही. उजव्या हातात रक्तदाब १८० वर १२०. ईएसआर, म्हणजे सूज मोजायची रक्ताची तपासणी, ७२. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातला हा कागद आहे (नाव लिहीत नाही, गरज नाही). रोहिणीत रंग सोडून काढलेल्या एक्सरेचा अहवाल: डाव्या हाताकडची रोहिणी बंद, डाव्या मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद. त्यानंतर स्टेरॉइडच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचे कागद.

आणि मग सर्जनच्या हातची एक चिठ्ठी. इंग्रजीत, चार ओळींची. त्या चार ओळींसाठी मी हे सगळं लिहिते आहे. त्यात म्हटलंय की सध्या सूज जोरात असल्यामुळे शस्त्रक्रिया करू नये. स्टेरॉइड चालू ठेवावं. सहा महिन्यांनी ईएसआर उतरल्यावर मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेसाठी पुन्हा दाखवावं.

मी ती चिठ्ठी माळ्यावर बसूनच तीनदा वाचली.

म्हणजे आप्पांनी ऑपरेशन नाकारलंच नव्हतं. त्या दिवशी ते करायचंच नव्हतं. डॉक्टरांनीच 'आत्ता नको' म्हटलं होतं. 'नको' नव्हे. घरी येईपर्यंत त्यातला 'आत्ता' कुठेतरी गळून पडला. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. दादाकाका तेव्हा गिरणीत होते, पाळी बदलून धावत आले होते, आणि सर्जनला भेटायला आप्पा एकटेच गेले होते. आप्पांनी बाहेर येऊन सांगितलं असेल, "नको म्हणतायत कापाकापी." आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका बघून दादाकाकांना वाटलं असेल, म्हातारा घाबरला.

पुढचा कागद १९७७चा, पुण्याचा. ईएसआर २४. म्हणजे सूज उतरली होती. हीच ती वेळ होती. पण तोवर आत्या बरी दिसायला लागली होती. ताप गेला, वजन भरलं, गोल चेहऱ्याला बायका "माहेरी राहून बाळसं धरलंय" म्हणायला लागल्या. आषाढ आला, लावणी सुरू झाली, आणि बरं दिसणाऱ्या माणसाला कर्ज काढून मुंबईला कोण नेतं? शिवाय घरात तोवर भांडण होऊन गेलं होतं. ऑपरेशन हा शब्द उच्चारणं म्हणजे आप्पांचा अपमान किंवा दादाकाकांचा विजय. मग तो शब्द कोणीच उच्चारला नाही. १९७७नंतर फाईलमध्ये फक्त ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या पावत्या आहेत, त्याही मध्ये मध्ये दोन-दोन वर्षांच्या खळग्यांसह. १९९८ साली पक्षाघात.

जगानेही याच गोष्टी हळूहळूच शिकल्या. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ६० रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात वरून शांत वाटणाऱ्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ४४ टक्के तुकड्यांत आत सूज चालूच होती. म्हणजे ईएसआर २४ असणंही पुरेसा भरवसा नव्हे! त्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या औषधाचा उपयोग होतो असं दिसलं, आणि नंतर आणखी औषधं आली. १९७०च्या दशकाच्या शेवटी फुग्याने वाट रुंद करायची युक्ती निघाली, पुढे स्टेंट आले. २०१२ साली फ्रान्समधल्या ७९ रुग्णांवरच्या १६६ उपचारांचा आढावा निघाला: शस्त्रक्रियेत ३७.५ टक्के आणि फुगा-स्टेंटमध्ये ५० टक्के वेळा काहीतरी गुंतागुंत झाली. आणि त्या वेळी सूज चालू असेल तर धोका कितीतरी अधिक. २०१८ साली युरोपातल्या आणि २०२१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांचा मथितार्थ असा: आधी औषध. घाईची निकड नसेल तर कापाकापी सूज शांत झाल्यावरच. आणि मूत्रपिंडाच्या रोहिणीसाठीसुद्धा अमेरिकन मंडळी आता पहिल्यांदा औषधच सुचवतात, दाब औषधांना जुमानत नसेल किंवा मूत्रपिंडाचं काम ढासळत असेल तर मग पुढचा विचार.

म्हणजे १९७६ साली ज्या सर्जनने ती चिठ्ठी लिहिली, तो आजच्या तज्ज्ञांच्याच रांगेत उभा होता. आणि आप्पांनी त्या दिवशी तिला परत आणलं ते आजच्या हिशेबानेही योग्यच होतं. दादाकाका, तुम्हीही चूक नव्हता. तो दाब असाच ठेवून चालणार नव्हता, हे तुम्हाला कळत होतं. पुढे ऑपरेशन झालं असतं तर ती आज असती, असं मी म्हणणार नाही. नवी वाटही बुजू शकते. पण प्रश्न पुन्हा विचारायला हवा होता. आणि निदान गोळ्यांत खळगे पडायला नको होते. तिथे आप्पा, तुम्ही, बाबा, आजी, सगळेच चुकलो. 'चुकलो' म्हणते, कारण मोठी झाल्यावर मीही कधी विचारलं नाही.

आपण 'ऑपरेशन की गोळ्या' असं भांडत राहिलो. खरा प्रश्न 'आधी काय आणि नंतर काय' असा होता. आणि तो सहा महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी पुन्हा पुन्हा विचारायचा होता. शंकराजी सचिवांबद्दल मला हल्ली हेच वाटतं. त्यांच्यानंतर शाहू महाराजांनी त्यांच्या तान्ह्या मुलालाच, नारो शंकरला, सचिवपद दिलं. म्हणजे ज्या दाराकडे बघून ते थांबले नाहीत, ते दार थोड्याच काळात घरासाठी उघडलं. अर्थात तीनशे वर्षांनी पुलावर उभं राहून हे म्हणणं फार सोपं आहे.

असो. परत यायच्या आदल्या संध्याकाळी मी दादाकाकांना ती चिठ्ठी वाचून दाखवली. मराठीत, सावकाश. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा महिन्यांनी म्हंजे लावणीच्या टायमालाच आलं असतं गं." आणि उठून बाहेर गेले. पानाचा डबा तिथेच राहिला. आपटला नाही.

फाईल आता माझ्याकडे आहे. घरच्यांपैकी ज्यांना पाहायची असेल त्यांनी फोन करावा. आणि ब्लॉगवरच्या मंडळींना एक सांगणं: घरात विशीतल्या पोरीला केस विंचरताना हात भरून येत असेल, बारीक ताप जात नसेल, तर तिला आळशी म्हणू नका. दोन्ही हातांची नाडी बघा, दोन्ही हातांचा दाब घ्या. आणि डॉक्टर 'आत्ता नको' म्हणाले, तर तो 'आत्ता' वहीत लिहून ठेवा, तारखेसकट.